इंग्रजी अवतरणचिन्हे आणि त्यांच्या शेवटचा पूर्णविराम

इंग्रजी लिहिताना पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत घ्यावा की बाहेर ठेवावा, याचे उत्तर आपण अमेरिकी पद्धत पाळतो की ब्रिटिश, यावर अवलंबून असते. अमेरिकी पद्धतीत स्वल्पविराम आणि पूर्णविराम, ते मूळ वाक्यातले असोत वा नसोत, बंद होणाऱ्या चिन्हाच्या आतच छापले जातात. ब्रिटिश पद्धतीत मात्र सर्वसाधारणपणे ते मूळ अवतरणाचा भाग असतील तरच आत घेतात, आणि तर्काला हीच पद्धत अधिक धरून वाटते. प्रश्नचिन्हाबाबत दोन्हींचे एकमत आहे: प्रश्न बोलणाऱ्याचा असेल तर ते आत येते, लिहिणाऱ्याचा असेल तर बाहेर.

अवतरणात दुसरे अवतरण आले की अमेरिकी लेखनात बाहेर दुहेरी आणि आत एकेरी चिन्ह असते, ब्रिटिश पुस्तकांत बहुधा याच्या उलट. अवतरण अनेक परिच्छेदांचे असेल, तर प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी चिन्ह उघडावे, पण बंद फक्त शेवटच्या परिच्छेदाअखेर करावे. केवळ जोर देण्यासाठी ही चिन्हे वापरणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण पाटीवरचा ‘फ्रेश’ हा शब्द अवतरणचिन्हांत दिसला की इंग्रजी वाचकाला मालाच्या ताजेपणाचीच शंका येते.