परफ्युम तासाभरात उडतो? नागपूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

एप्रिल-मे आला की ही तक्रार ऐकू येतेच: घरून निघताना परफ्युम मारला, बर्डीला पोहोचेस्तोवर वास गायब. खापर बाटलीवर फुटतं. पण वास खरंच गेलाय की तुमचं नाक त्याला सरावलंय, हे आधी बघा. एकच वास सतत येत राहिला की नाक थोड्याच वेळात त्याची दखल घेणं सोडतं. बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारा. त्याला येत असेल तर आणखी चार फवारे मारू नका, लिफ्टमधल्यांवर दया करा.

खरंच उडत असेल, तर पहिला संशय त्वचेवर घ्या. आपला उन्हाळा मुंबईसारखा चिकट नाही, रखरखीत कोरडा आहे. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा हवेत अल्कोहोल तर क्षणात उडतंच, पण कोरड्या कातडीवर सुगंधी तेलांनाही धरून राहायला आधार मिळत नाही. आंघोळीनंतर अंग टिपून बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, ते मुरलं की मग परफ्युम. घामावर फवारून मात्र उपयोग नाही, दोन्ही वासांची खिचडी होते.

मनगटं एकमेकांवर घासायची सवयही सोडा. घासल्याने सुगंधाचे रेणू तुटतात वगैरे सांगतात, त्यात दम नाही. पण उष्णता वाढते आणि वरचा हलका वास लवकर निघून जातो.

निवडही चुकते. संत्र्याच्या गावात राहून हे म्हणणं जिवावर येतं, पण संत्रं-लिंबाचे ताजे वास सगळ्यात आधी उडतात. चंदन, वाळा, कस्तुरीच्या जातीचे वास टिकतात. बाटलीवर ‘ओ द तॉयलेट’ असेल तर त्यात सुगंधी अर्क साधारण ५ ते १५ टक्के असतो, ‘ओ द पर्फाँ’मध्ये १५ ते २० च्या आसपास. अत्तरात अल्कोहोल नसतं, त्यामुळे ते सावकाश उडतं, फक्त त्याचा वास फार लांब पसरत नाही. आजोबा कानात अत्तराचा फाया ठेवायचे ते उगाच नाही: तिथे ऊन लागत नाही, घामाने धुऊनही जात नाही.

कापडावर वास त्वचेपेक्षा जास्त टिकतो, म्हणून शर्टाच्या आतल्या बाजूला एखादा फवारा चालेल. रेशमी किंवा पांढऱ्या कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर मारून डाग पडतो का ते बघा. गाडीवर तोंडाला बांधायच्या स्कार्फवर मात्र नको. नाकाला चिकटलेला वास नाक सगळ्यात लवकर विसरतं.

आणि बाटली गाडीच्या डिक्कीत ठेवणाऱ्यांना काय म्हणावं? उन्हात तापलेल्या डिक्कीत परफ्युम शिजतो. बाथरूमचा कप्पा आणि खिडकीची कडही तितकीच वाईट. रंग गडद झाला, पहिला वास आंबूस येऊ लागला, की माल बिघडला समजा. बाटली तिच्या खोक्यासकट कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवा. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहत असाल आणि कपाटही तापत असेल, तर मे महिन्यापुरती फ्रिजच्या दारात ठेवली तरी चालते. ऑफिससाठी ५ मिलीची छोटी स्प्रे-बाटली भरून घ्या आणि दुपारी एसीत बसल्यावर, घाम पुसून, एक फवारा मारा.