पऱ्हाटी कुजत नाही? या चुका टाळा

कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या उरलेल्या काड्या, उपटायची, धुऱ्यावर रचायची आणि चुलीला पुरून उरली की पेटवून द्यायची, हे विदर्भात वर्षानुवर्षं चालत आलंय. आता बरेच जण तिचं खत करायला लागलेत, हे फार चांगलं झालं. पण उन्हाळ्यात लावलेला ढीग दिवाळीला उकरला तर काड्या जशाच्या तशा निघतात, आणि माणूस पुन्हा काडेपेटीकडे वळतो. पऱ्हाटी नक्की कुजते, फक्त तिची तयारी आधी करावी लागते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्ख्या काड्यांवर द्रावण ओतणं. वेस्ट डीकंपोजर (कुजवणाऱ्या जिवाणूंचं द्रावण) असो, गुळाचं पाणी असो की शेणकाला, काडीचा मुख्य घटक असलेलं सेल्युलोज त्यात विरघळत नाही. ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना घट्ट धरून त्याचे धागे बनतात आणि त्यांच्याभोवती लिग्निनचं, म्हणजे लाकडाला टणक करणाऱ्या पदार्थाचं, आवरण असतं. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबू आणि लाकूड कॉस्टिक सोड्यात, दाबाखाली, 150 अंशांच्या वर शिजवतात, तेव्हा कुठे लिग्निन सुटतं. सेल्युलोज तिथेही उरतंच, त्याचाच कागद होतो. शेतात हे काम बुरशी आणि जिवाणूच करतात. ते सेल्युलेज नावाची विकरं सोडतात, साखळ्या तुटून साखर होते आणि त्यावर ते जगतात. एक काडी मोडून बघा: बाहेर चिवट साल, आत टणक लाकूड, मधोमध पांढरा भुसभुशीत गाभा. साल शाबूत असेल तर पाणीही नीट मुरत नाही, मग बुरशी कुठून शिरणार? म्हणून आधी श्रेडर (काड्या बारीक करणारं यंत्र), मग द्रावण. तुकडे दोन-तीन इंचांचे आणि ठेचलेले हवेत. किडक्या, न उमललेल्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दडून बसते. धुऱ्यावरचे ढीग तिला पुढच्या हंगामापर्यंत सांभाळतात, म्हणून वेचणी संपताच बारीक करणं दुहेरी फायद्याचं.

दुसरी चूक नत्राची. पऱ्हाटीत कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. जिवाणूंना साधारण 25 ते 30 भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतं. शेण भरपूर असेल तर थरावर थर द्या. नसेल तर टनामागे 8 ते 10 किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडा. कच्चा चुरा तसाच रोटावेटरनं जमिनीत घालून लगेच पेरलं, तर जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. रोग समजून फवारणी करण्याआधी हे तपासा.

पाण्याचं तर विचारूच नका. एप्रिल-मेच्या उन्हात ढीग वरून ओला दिसतो आणि आत कोरडा ठणठणीत असतो. हातभर आतला चुरा मुठीत दाबा: तळवा ओला झाला पाहिजे, पण थेंब गळता कामा नये. उकरल्यावर राखेसारखा करडा-पांढरा थर दिसला, तर पुष्कळांना खत तयार झाल्यासारखं वाटतं. तो थर ढीग तापून आत कोरडा पडल्याची खूण आहे. पाणी मारून ढीग पलटा. याउलट आंबूस, घाण वास आला तर पाणी जास्त झालंय, हवा कोंडलीय. तेव्हाही पलटणंच, फक्त कोरडा चुरा मिसळून. ढीग सावलीत लावा, वरून तुराट्या किंवा जुनी पोती टाका. ट्रायकोडर्मा ही कुजवणारी बुरशी वापरत असाल तर त्याच पंपातून रासायनिक बुरशीनाशक जाऊ देऊ नका.

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या तणसावर चाऱ्यासाठी युरिया प्रक्रिया करतात, तिथली चूक जिवावर बेतू शकते. प्रमाण 100 किलो तणसाला 4 किलो युरिया आणि सुमारे 50 लिटर पाणी. हवाबंद झाकून 21 दिवस ठेवायचं, म्हणजे तयार होणाऱ्या अमोनियानं तणस मऊ पडतं आणि गाईच्या पोटातले जिवाणू सेल्युलोजपर्यंत पोचतात. युरिया अंदाजानं ओतू नका. काढल्यावर पसरवून वास उडू द्या, मगच थोडं थोडं चारायला सुरुवात करा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना ते देऊच नका, आणि युरियाच्या पाण्याची बादली जनावराच्या तोंडाला लागेल अशी कधीही ठेवू नका.