जुन्या मारुतीचा पिकअप अडखळतो? कार्बोरेटर खोलण्याआधी एवढं बघा

गाडी एका सेल्फात चालू होते, आयडलला (उभ्या गाडीत, पेडल न दाबता) शिलाई मशीनसारखी चालते. रस्त्यावर अॅक्सिलेटर दाबला की मात्र क्षणभर दम सोडते, गचका देते आणि मग एकदम पळत सुटते. मिस्त्रीकडे नेली की निकाल ठरलेला असतो: "भाऊ, कारबेटर खोलनं पडी." हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा हा कार्बोरेटर माझ्या गाडीत असा तीनदा खोलला गेला. तिन्ही वेळा मजुरी दिली, तिन्ही वेळा गचका तसाच राहिला.

माझी मारुती ८०० आहे, १९९६ची, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली, मुक्काम चाळीसगाव. तुमची इंजेक्शनची असेल तर थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, स्कॅनर लावा. पुढचं बरंचसं तुमच्या कामाचं नाही.

आधी गचका कुठला ते ओळखा

मोकळ्या सपाट रस्त्यावर, इंजिन गरम झाल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३०ने चला. एकदा पेडल हळूहळू दाबा, एकदा झटक्यात. हळू दाबल्यावर नीट जाते आणि झटक्यात दाबल्यावरच गुदमरते, तर संशय कार्बोरेटरमधल्या अॅक्सिलेटर पंपावर, त्याबद्दल पुढे सांगतो. पाय स्थिर असतानाही झटके मारत असेल तर पेट्रोलचा पुरवठा किंवा करंट बघायचा. फक्त भर दुपारी होत असेल तर उष्णता, फक्त पावसाळी सकाळी होत असेल तर प्लगच्या वायरी.

मग चोकची परीक्षा. गाडी गचके देत असतानाच चोक सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर ओढा. सुधारली, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फालतू हवा शिरतेय. बिघडली, तर पेट्रोल आधीच जास्त आहे, नाहीतर ठिणगी कमजोर आहे. या दोन मिनिटांच्या परीक्षेला पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा ती कुणी करत नाही.

आणि तोवर स्क्रूला हात लावू नका. "जरा सेटिंग करून देतो" म्हणत मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) फिरवणाऱ्याला तिथेच थांबवा. फिरवायचाच असेल तर आधी तो आत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे जातात ते मोजून लिहून ठेवा. ठिणगीचं टायमिंग पुढे घेऊन, म्हणजे ठिणगी आधी पाडून, गचका दाबणारेही भेटतील. रिकाम्या गाडीत एक दिवस बरं वाटतं, पण मे महिन्यात चार माणसं बसवून चढ लागला की इंजिन टकटक करायला लागतं.

फिल्टर, प्लग, वायरी

एअर फिल्टर झटकू नका, बदला. जिनिंगच्या आसपास गाडी उभी राहत असेल तर त्यात कापसाचे तंतू नमद्यासारखे बसलेले असतात. पेट्रोल फिल्टरही सोबतच बदलून टाका.

प्लग काढून टोकाचा रंग बघा. भरताच्या भाजलेल्या वांग्यासारखं काळं म्हणजे पेट्रोल जास्त, राखेसारखं पांढरं म्हणजे कमी, शेंगेच्या टरफलासारखं तपकिरी म्हणजे ठीक. गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर, फीलर गेजनेच. हॅकसॉचं पातं घालून गॅप मापणारे पाहिलेत मी. इंजिनाला सिलिंडर तीनच, एक रुसला की तिसरा हिस्सा ताकद गेली. वायरींसाठी रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. निळसर ठिणग्या वायरीवरून पळताना दिसल्या तर अख्खा सेट बदला. डिस्ट्रिब्यूटरच्या (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाच्या) कॅपला आतून केसासारखा तडा आहे का, तेही त्याच वेळी.

अॅक्सिलेटर पंप: मी वर्ष घालवलं ते इथे

पेडल दाबलं की थ्रॉटल, म्हणजे कार्बोरेटरमधली हवेची झडप, उघडतो आणि हवा लगेच आत घुसते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. मधली ही पोकळी भरायला कार्बोरेटरमध्ये एक छोटा डायफ्रामचा पंप असतो. पेडल हलताच तो नळीतून पेट्रोलची धार घशात मारतो. ही धार चुकली की गाडी गुदमरते.

हे मला पुस्तकी माहीत होतं, तरी फसलो. अण्णांना घेऊन छत्रपती संभाजीनगरला निघालो होतो. तेव्हा कन्नडच्या घाटात अजून ट्रक चालायचे. एका ट्रकला मागे टाकायला बाहेर निघालो, पेडल दाबलं आणि गाडीने मान टाकली. समोरून जीप येत होती. कसाबसा पुन्हा ट्रकच्या मागे शिरलो. अण्णा काही बोलले नाहीत, नुसतं वरचं हँडल धरून बसले, ते पार वर पोचेपर्यंत.

त्याआधी तिन्ही मिस्त्र्यांनी आणि मी स्वतःही पंप बघितला होता. फिल्टरचा डबा काढायचा, थ्रॉटलचा लिंक (तो उघडणारा दांडा) हाताने ओढायचा, आत बघायचं. धार येत होती. "धार येते ना? मग पंप ठीक," असं म्हणून सगळे कॉइल आणि पॉइंटकडे वळले. शेवटी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी डोकं आत घातलं. त्यांनी स्वतःची प्रीमियर पद्मिनी गाडी वर्षानुवर्षं स्वतःच सांभाळलेली. दोनदा लिंक ओढला आणि म्हणाले, "धार येस का ते नको देखू, कव्हय येस ते देख."

मी बघितलं. लिंक अर्धा ओढून होईपर्यंत नळी कोरडी होती. मग एक थेंब, आणि मग धार. चांगल्या पंपाची धार लिंक हलल्याबरोबर निघते आणि सुतासारखी सलग पडते. माझ्या गाडीत येणारी धार उशिरा येत होती, आणि तो उशीर म्हणजेच गचका.

पंपाच्या वाटेवर एक बारीक गोळी असते. पेट्रोल पुढे जाऊ देते, मागे फिरू देत नाही. ती नसली की पेडल सोडल्यावर पंप नळीतून हवा ओढून घेतो आणि पुढच्या वेळी आधी ती हवा ढकलतो, मग पेट्रोल. माझ्या कार्बोरेटरमध्ये ती गोळी नव्हतीच. पहिल्यांदा खोलून साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारली होती, तेव्हाच उडून गेली असणार. म्हणजे गचका सुरू झाला डायफ्राम कडक झाल्याने, आणि दुरुस्तीनंतर टिकला गोळी हरवल्याने. रोग बदलला, लक्षण तेच, म्हणून कुणालाच कळलं नाही.

तर करायचं असं. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा, म्हणजे फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं तिथे) पेट्रोल असेल. थोडं निवू द्या. जागा उघडी हवी, जवळ विडी-सिगारेट नको. सेल्फ मारत असताना घशात कधीच डोकावू नका. बॅकफायर झाला तर भुवया जातात, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब. एकाने लिंक ओढायचा, दुसऱ्याने मोबाइलच्या टॉर्चने नळीचं टोक बघायचं. मध्ये चार-पाच सेकंद थांबून दहा वेळा बघा. एक-दोनदा बघून हो म्हणू नका.

धार उशिरा किंवा तुटक असेल तर बॅटरीची वायर काढून पंपाचं कव्हर खोला. खाली स्टीलची मोठी ताटली ठेवा. गोणपाटावर काम करणाऱ्याकडून गोळी आणि स्प्रिंग परत मिळत नाही. स्प्रिंग कोणत्या बाजूला होती त्याचा आधी फोटो काढा. जुना डायफ्राम बोटांत दुमडून उजेडात धरा. कडक झाला असेल किंवा भेग दिसली तर टाकून द्या. गोळी बाहेर काढल्याशिवाय कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, हे मिस्त्रीला आधीच सांगा, आणि तो हसला तरी सांगा. नळीच्या भोकात टाचणी घालू नका. भोक मोठं झालं की धार जाड आणि लुळी पडते. गोळी हरवलीच तर आपल्याच कार्बोरेटरच्या किटमधली आणा. सायकलच्या बेअरिंगची गोळी टाकण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. माप चुकलं तर ती एक तर अडकते, नाहीतर बसतच नाही. लिंकच्या पिनला झोल आला असेल तर पिनही बदला, कारण तेवढ्या झोलातही धार मागे पडते.

व्हॅक्युमचे पाइप

डिस्ट्रिब्यूटरला जाणारा बारीक पाइप कार्बोरेटरच्या बाजूने काढून तोंडाने ओढा आणि टोकावर जीभ लावा. जीभ चिकटून राहिली तर आतला डायफ्राम ठीक. नुसतीच हवा येत राहिली तर तो फाटलाय, अॅडव्हान्स युनिट (तो डायफ्राम असलेला डिस्ट्रिब्यूटरचा डबा) बदला. बाकीचे पाइप इंजिन चालू ठेवून एकेक चिमटीत दाबा. दाबल्यावर आयडल बदललं आणि एरवी तिथून फुसफुस येत असेल, तर चोर सापडला. मॅनिफोल्डच्या सांध्यावर शंका असेल तर स्प्रेच्या बाटलीने साधं पाणी मारा. पेट्रोल शिंपडून बघणारे आहेत. गरम सायलेन्सरच्या इतक्या जवळ मी ते कधीच करणार नाही.

उन्हाळा आणि आजचं पेट्रोल

आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो. इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपात आणि पाइपात तेव्हा पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. रस्त्यात ओलं फडकं पंपावर ठेवून दहा मिनिटं थांबा. गाडी सरळ झाली तर कारण कळलं. घरी येऊन पाइप इंजिनापासून लांब वळवून घ्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण आणखी पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), आणि जुने रबरी पाइप व डायफ्रामही त्यात लवकर खराब होतात. दहा वर्षांपूर्वीचे पाइप असतील तर इथेनॉलला टिकणारे घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. इथेनॉल पाणी ओढतं.

सगळं बसवल्यावर आयडल गरम इंजिनावरच लावा आणि घाटात जाण्याआधी त्याच सपाट रस्त्यावर तीच तिसऱ्या गिअरची परीक्षा घ्या. नवं गॅस्केट दोन दिवसांत दबतं. तेव्हा पंपाच्या कव्हरचे स्क्रू पुन्हा एकदा, समोरासमोरच्या क्रमाने आणि हलक्या हाताने आवळा, खालून बोट फिरवा आणि वास घ्या. बोट कोरडं निघालं पाहिजे.