युरोपातल्या चपट्या माशांचे आकडे वाचताना या चुका टाळा

लेपा खाणाऱ्यांना चपटा मासा नवा नाही. उत्तर समुद्रातले त्याचे भाईबंद म्हणजे प्लेस, सोल, टर्बॉट. त्यांच्या पकडीचा आलेख खाली उतरला, की ‘मासा संपला’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. सगळ्यात मोठी चूक हीच.

प्लेसचं उदाहरण घ्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर समुद्रातून वर्षाला दीड लाख टनांहून जास्त प्लेस बंदरांवर उतरत होता. आज तो आकडा कितीतरी खाली आहे. पण समुद्रातला साठा २०१०च्या दशकात नोंदींतल्या उच्चांकावर पोहोचला होता! आटला तो डच मच्छीमार बोटींचा ताफा. विजेच्या झटक्याने मासे उठवणाऱ्या जाळ्यांवर २०२१मध्ये पूर्ण बंदी आली, २०२२मध्ये डिझेल भडकलं, मग सरकारी भरपाई घेऊन अनेकांनी बोटी मोडीत काढल्या. प्लेसचा कोटा (वर्षाला किती पकडायचं याची ठरवून दिलेली मर्यादा) शिल्लक राहू लागला. सोलची गोष्ट वेगळी: तिथे साठाच खालावला आणि २०२४चा कोटा जोरात कापला गेला. म्हणून पकडीशेजारी कोटा ठेवून बघा. कोटा उरत असेल तर बोटींकडे वळा. कोटाच घटला असेल तर साठ्याचा अहवाल काढा. हे न करता मच्छीमाराला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरी चूक म्हणजे बंदरावर उतरवलेली मासळी हीच एकूण पकड समजणं. सोल सडपातळ, मोठ्या आसातून (जाळ्याच्या भोकातून) सहज निसटणारा. त्यामुळे त्याच्यासाठी ८० मिलिमीटर आसाचं जाळं वापरतात. त्याच जाळ्यात रुंद अंगाचा, नारिंगी ठिपक्यांचा कोवळा प्लेस अडकतो. विक्रीसाठी तो किमान २७ सेंटीमीटर लागतो (सोलला २४ चालतात), म्हणून छोटा प्लेस परत पाण्यात जातो आणि उतरवलेल्या मालाच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. २०१५पासून टप्प्याटप्प्याने सगळी पकड किनाऱ्यावर आणायची सक्ती झाली खरी, पण प्लेसला त्यात काही सवलती आहेत. तक्त्यात टाकून दिलेल्या माशांचा वेगळा रकाना नसेल, तर त्यावरून एकूण पकड ठरवू नका.

नावंही फसवतात. लेमन सोल हा खरा सोल नाही. अमेरिकेत डोव्हर सोल म्हणून विकला जातो तो पॅसिफिकमधला वेगळाच मासा. त्याची बेरीज युरोपच्या सोलमध्ये करू नका.

आलेख कोणत्या वर्षापासून सुरू होतो, तेही पाहा. दोन्ही महायुद्धांत उत्तर समुद्रातली मासेमारी जवळपास थांबली आणि प्लेस भरपूर वाढला. १९४६पासून रेष काढली, तर सुरुवातच त्या साठवलेल्या माशावर होते.