इंडोनेशियन जेवण शोधताय? या चुका टाळा (ॲमस्टरडॅम आणि हेगमध्ये नव्यानं आलेल्यांसाठी)

मी चार वर्षं जकार्तात काढली, आता सात वर्षं ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलफेनमध्ये राहते. त्यामुळे "ताई, अस्सल इंडोनेशियन कुठे मिळेल?" हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. मी सविस्तर सांगते, समोरचा मान डोलावतो आणि शनिवारी कालव्याकाठच्या मेणबत्तीवाल्या हॉटेलात जाऊन बसतो. सोमवारी ऑफिसात म्हणतो, "काही खास नव्हतं."

पाटी वाचून आत शिरणं

डच भाषेत भारतीय म्हणजे 'इंडियास'. 'इंडिश' म्हणजे डच ईस्ट इंडीजचं, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचं, वसाहतीच्या काळातलं. आणि 'चिनेस-इंडिश' हे तिसरंच प्रकरण आहे. ही मुळात चिनी हॉटेलं. इंडीजमधून परतलेल्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनी मेन्यूवर नासी (भात) आणि बामी (नूडल्स) चढवलं, आणि पुढे डच जिभेला जे रुचलं ते ठेवलं.

आमच्या ऑफिसातला पुण्याचा एक मुलगा, येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. आईवडील भेटायला आले होते. श्रावण चालू. त्यानं पाटीवर 'इंडिश' वाचलं, 'इंडियन' समजला आणि दोघांना घेऊन आत गेला. तासाभरानं मला फोटो आला: "ताई, हे पापडच ना?" ते क्रुपुक उडांग होते. उडांग म्हणजे कोळंबी. मी उत्तर लिहीपर्यंत काकूंनी चार खाल्ले होते आणि आपल्या तांदळाच्या पापडांपेक्षा हलके आहेत म्हणून कौतुकही केलं होतं. नासी गोरेंगमध्ये, म्हणजे परतलेल्या भातात, हॅमचे तुकडे निघाले ते त्यानंतर.

तेव्हा चार शब्द पाठ करा. बाबी म्हणजे डुक्कर. उडांग कोळंबी. एबी म्हणजे सोडे. आणि तेरासी, म्हणजे कोळंबी आंबवून, वाटून केलेला गोळा. ही तेरासी सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, असते, गादो-गादोच्या शेंगदाण्याच्या रश्शातही असू शकते. भाज्या आणि टोफू दिसला म्हणून ते शाकाहारी ठरत नाही. मी काउंटरवर सरळ विचारते, "पाकाई तेरासी, बू?" म्हणजे, तेरासी घातलीय का हो मावशी? हे विचारायला लाज वाटणाऱ्यांनी नंतर माझ्याकडे तक्रार करू नये.

राइस्टटाफलला 'अस्सल' समजणं

ही माझीच जुनी चूक, म्हणून जरा जास्त बोलते. राइस्टटाफल म्हणजे भाताभोवती पंधरा-वीस वाट्या. हा थाट इंडीजमधल्या डच साहेबांनी घातला. जकार्तातल्या चार वर्षांत मला कुणी एकदाही असं वाढलं नव्हतं. तरी पहिल्या हिवाळ्यात जकार्ताची इतकी आठवण आली की मी माणशी 35 युरो मोजून बसले. अठरा वाट्या आल्या, खाली मेणबत्त्या लावलेल्या. सहा वाट्यांना एकच गोड चव होती, चार शेंगदाण्यात बुडलेल्या, आणि सांबालला आपल्या ठेच्याच्या पासंगालाही पुरेल एवढा तिखटपणा नव्हता. मी वेटरला तोऱ्यात म्हटलं, "हे इंडोनेशियन नाही." तो शांतपणे म्हणाला, "कुठलं हवं होतं तुम्हाला?"

त्याचं बरोबर होतं. 'अस्सल इंडोनेशियन' मागणं म्हणजे परक्या गावात 'अस्सल भारतीय' मागणं. मिळणार काय, तर बटर चिकन. पाडांगचं जेवण म्हणजे पश्चिम सुमात्राचं: मिरची, नारळाचं दूध, कसाव्याची पानं. मध्य जावाचं गुदेग म्हणजे कोवळा फणस नारळाच्या दुधात, माडाच्या गुळात तासन्‌तास शिजवलेला, आणि तो गोडच असतो. म्हणजे 'गोड लागलं, डच लोकांनी बिघडवलं' हा निष्कर्षही घाईचाच. पालेंबांगचं पेंपेक (माशाचे वडे) मागा, पूर्व जावाचं रावोन (मांसाचं काळं सूप) मागा, जकार्ताचं सोतो बेतावी (नारळाच्या दुधातलं मांसाचं सूप) मागा. नाव घेऊन मागितलं की नाही म्हणणारा दुकानदारही कुठे मिळेल ते सांगतो.

आणि इथलं इंडिश जेवण नकली आहे असंही नाही. 27 डिसेंबर 1949 ला डचांनी इंडोनेशियाकडे सत्ता सोपवली. त्याच्या मागेपुढे मिश्र वंशाची हजारो कुटुंबं इकडे आली, त्यातली पुष्कळ हेगमध्ये स्थिरावली. त्यांच्या आज्यांची चव त्यांच्यासोबत इथे आली आणि तंजावरच्या मराठीसारखी आपल्या जागी जुनी होत राहिली. स्पेलिंगसुद्धा जुनं. इंडोनेशियानं 1947 मध्ये 'ओई' सोडून 'यू' घेतला, 1972 मध्ये 'टीजे' सोडून 'सी' घेतला. इथल्या पाट्यांवर मात्र अजून जुनी अक्षरं दिसतात. म्हणून नकाशावर एकाच स्पेलिंगनं शोधून 'इथे काही नाहीच' म्हणू नका. दोन्ही टाकून बघा.

टोकोला दुकान समजून पुढे जाणं

टोको म्हणजे दुकानच, पण त्यात काचेमागे शिजवलेलं जेवणही असतं. आपलं पोळीभाजी केंद्र आठवा: चार स्टुलं असली तर असली, बाकी पार्सल. जकार्तातल्या वारतेगला, म्हणजे खानावळीला, सगळ्यात जवळचं इथे हेच. माझी सवय अशी की मेन्यू वाचायचाच नाही. आधी कोण रांगेत उभं आहे ते बघायचं. इंडोनेशियन विद्यार्थी असतील तर त्यांच्या ताटात काय आहे ते दाखवून 'नासी रामेस' मागायचं, म्हणजे भातावर दोन-तीन पदार्थ. मागे बारा माणसं असताना प्रत्येक भांड्याचा फोटो काढणारे आणि 'थोडं चाखायला द्या' म्हणणारे आपलेच लोक असतात, हे मला वाईट वाटून लिहावं लागतंय.

हेगला जायचा कंटाळा करू नका. गाडीनं तासाभराचं काम आहे. इंडोनेशियाचा दूतावास तिथे आहे, आणि इंडोनेशियन मशिदी-चर्चच्या बाजारात घरच्या बायका डबे विकायला आणतात. माझं आजवरचं उत्तम पेंपेक अशाच एका टेबलावरचं.

सुरिनामी जावानीज वारुंगही, म्हणजे छोट्या खानावळीही, वगळू नका. 1890 पासून जावाचे मजूर सुरिनामला नेले गेले, त्यांचे वंशज नंतर इकडे आले. त्यांचं साओतो सूप म्हणजे सोतोचा लांबचा भाऊ. हे इंडोनेशियन नाही, हे माहीत ठेवून खा. छान असतं.

बाटलीतल्या मसाल्यावर चाळीस मिनिटांत केलेल्या रेंदांगबद्दल मी बोलणार नाही. बरं, एकच: नारळाचं दूध आटून तेल सुटेपर्यंत आणि मांस त्या तेलात परतून गडद होईपर्यंत ते रेंदांग नसतं. ओलं असेल त्याला कालियो म्हणतात आणि इथली निम्मी हॉटेलं तेच विकतात.

केचाप मानिसच्या (इंडोनेशियन गोड सोया सॉसच्या) जागी चिनी सोया सॉस आणि साखर: नको. दाऊन सालामच्या जागी तमालपत्र: नको, ते जांभळाच्या कुळातलं पान आहे, गोठवलेलं मिळतं. केमिरी (वाटणात घालतात ते तेलकट बी) कच्ची खाऊ नका, बाधते. तेंपेवर (आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीवर) काळे ठिपके दिसले तर फेकू नका, ती त्याच्याच बुरशीची बीजं आहेत. चिंच मात्र आपलीच चालते.

आणि संध्याकाळी सातला जाऊन 'सगळं संपलंय' म्हणून मला फोन करू नका. चांगल्या टोकोतली भांडी दुपारीच रिकामी व्हायला लागतात. सोमवारी पुष्कळ जण बंदही ठेवतात, तेवढं आधी विचारून निघा.