धाडसी चाल कशी पाहावी

अमेरिकी फुटबॉलच्या कॉलेज सामन्यांतील गाजलेली चाल समजून घ्यायची असेल, तर चेंडूच्या आधी धावफलक पाहावा. २००७ च्या ‘फिएस्टा बोल’ या सामन्यात ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघाविरुद्ध जादा वेळेत एका गुणाने मागे असताना बॉयसी स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक ख्रिस पीटरसन यांनी एका गुणाची, बरोबरी साधणारी किक नाकारून चेंडू पुन्हा गोलरेषेपार नेण्याचा दोन गुणांचा प्रयत्न केला; तो फसला असता तर सामनाच गेला असता; माझ्या मते खरे धाडस इथेच होते. त्यानंतर चित्रफीत सावकाश चालवून क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करून पास फेकणारा खेळाडू, जॅरेड झाब्रान्स्कीचे दोन्ही हात निरखावेत. उजवा हात पास फेकल्याची हूल देतो, बचावपटू तिकडे झुकतात, आणि डाव्या हाताने पाठीमागे धरलेला चेंडू घेऊन इयन जॉन्सन डावीकडून बिनविरोध आत शिरतो. शेवटी, चाल सुरू होण्यापूर्वी उजवीकडे उभे केलेले तीन रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) अवश्य पाहावेत, कारण बचावफळीला चकवण्याची तयारी त्या मांडणीतच होती.