अँजिओग्रामची शेवटची फ्रेम आधी उघडू नका

डोळ्याचा अँजिओग्राम (शिरेत डाय टोचून काही मिनिटं एकामागून एक घेतलेले डोळ्याच्या पडद्याचे फोटो) वाचायला लागून मला चार महिने झाले होते. सर्पिजिनससारख्या कोरॉइडायटिसचा (कोरॉइड या पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराला येणारी, नागमोडी पसरणारी सूज) पेशंट, नवी तक्रार नाही. मी थेट दहाव्या मिनिटाची फ्रेम उघडली, मॅक्युलाच्या (पडद्याचा मध्यभाग) वर पांढराशुभ्र पट्टा दिसला आणि रिपोर्टवर लिहिलं, ‘ॲक्टिव्ह लीजन’, म्हणजे सुजेचा ताजा डाग. स्टिरॉइडचा डोस वाढणारच होता. मॅडमनी सुरुवातीच्या फ्रेम मागितल्या म्हणून थांबला. तो जुना व्रण होता. आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

शेवटी दोन्ही उजळतात. ताज्या लीजनमध्ये डाय झिरपतो, जुन्या व्रणात उघडा पडलेला स्क्लेरा (डोळ्याचं बाहेरचं पांढरं आवरण) डाय शोषतो. बरं, सुरुवातीला काळं दिसलं म्हणून ताजं, असंही नाही. कोरिओकॅपिलॅरिस (कोरॉइडमधल्या केशवाहिन्यांचा थर) गेलेला व्रणही सुरुवातीला काळाच असतो. कड बघा. ताज्या लीजनची कड फ्रेमगणिक पुसट होत बाहेर पसरते. व्रणाची कड जागची हलत नाही, रेखीव राहते. मी एकच फ्रेम पाहिली होती, पसरणं दिसणार कुठून?

शंका असेल तर ऑटोफ्लुओरेसन्स (डाय न देता पडद्याच्या स्वतःच्या चमकेचा फोटो) काढाच, त्याला सुईही लागत नाही. ताज्या लीजनवर आणि कडेला धूसर उजळपणा असतो, पूर्ण भरलेला व्रण एकसारखा काळा. ओसीटीत (प्रकाशाने घेतलेला पडद्याच्या थरांचा छेद) ताज्या जागी बाहेरचे थर ढगाळ पांढरे दिसतात. व्रणात ते थर विरलेले असतात आणि प्रकाश खाली कोरॉइडमध्ये उतरतो. फॉलो-अप मोड लावूनच स्कॅन घ्या, नाहीतर दोन भेटींत दोन वेगळ्या जागांची तुलना कराल.

‘काळं म्हणजे हे, पांढरं म्हणजे ते’ असे पाठांतराचे तक्ते मला मुळीच पटत नाहीत. त्यापेक्षा फोटो काढणाऱ्या टेक्निशियनशेजारी दोन दुपारी बसा. मला खरं शिक्षण तिथे मिळालं.

पहिले काही महिने सगळं सारखंच दिसेल. घाबरू नका, नजर बसते. बर्डशॉट या कोरॉइडच्या आजाराचे डाग फ्लुओरेसीनमध्ये (अँजिओग्रामचा नेहमीचा डाय) हाती लागले नाहीत तर तुमची चूक नाही. ते तिथे फारसे दिसतच नाहीत, आयसीजीत (कोरॉइड दाखवणारा दुसरा डाय) मात्र काळे ठिपके ठळक उमटतात. आणि व्हिट्रायटिस (डोळ्याच्या आतल्या जेलची, म्हणजे व्हिट्रियसची सूज) असेल तर आख्खं चित्रच मळकट येतं. त्या दिवशी लीजनबद्दल ठाम काही लिहू नका, व्हिट्रियस निवळल्यावर पुन्हा बोलवा.